विषय किती, हा प्रश्न कोणाचा?

दहावीच्या मुलाने किती विषयांची परीक्षा द्यावी, हा वाद महाराष्ट्रात दर काही वर्षांनी उठतो, वर्तमानपत्रांतून दोन-चार आठवडे चालतो आणि एखादा शासन निर्णय मागे ठेवून विझतो. या वादात बोलतात ते मुंबई-पुण्याचे पालक, शिक्षणतज्ज्ञ, मानसोपचारतज्ज्ञ आणि मंत्री. आर्वीसारख्या तालुक्याच्या गावी ज्यांची मुले दहावीला बसतात ते या वादात कुठे नसतात. त्यांना निर्णय कळतो तो निकालाच्या दिवशी. आपण आपल्या नियतकालिकांतून कविता, कथा, आत्मकथने यांची समीक्षा करतो. परंतु ज्या कागदांनी आपल्या मुलांचे आयुष्य ठरते त्या अभ्यासक्रम-आराखड्यांची, शासन निर्णयांची आणि गुणपत्रिकेवरच्या शेऱ्यांची समीक्षा मात्र आपण प्रस्थापितांवर सोडून दिली आहे. वस्तुतः गुणपत्रिका हीसुद्धा एक संहिता आहे. तिच्यात कोणाला काय शिकता येईल आणि काय येणार नाही याविषयीचे समाजाचे मत लिहिलेले असते. म्हणून ती वाचली पाहिजे.

या वादातला कळीचा शब्द 'ओझे' हा आहे. मुलांवर ओझे फार झाले, विषय कमी करा, असे म्हटले जाते तेव्हा बोलणाऱ्याच्या हेतूबद्दल मला शंका नाही. पण हा शब्द कोणाच्या घरातून आला हे पाहिले पाहिजे. ज्या घरात सकाळी एक आणि संध्याकाळी एक अशा दोन शिकवण्या आहेत, तिथे सहावा विषय म्हणजे आणखी एक शिकवणी, म्हणजे खरोखरीच ओझे. ज्या घरात डोक्यावर भारा वाहणे हाच पिढ्यानपिढ्यांचा धंदा होता, त्या घराला पुस्तक हे ओझे वाटत नाही. पुस्तक आहे पण ते समजावून सांगणारा कोणी नाही, हे त्या घराचे दुःख आहे. ही दोन निरनिराळी दुःखे आहेत आणि पहिल्यावरचे औषध दुसऱ्याला दिले तर रोगी दगावतो.

माझे म्हणणे सुरुवातीलाच सांगून टाकतो. दहावीपर्यंतचे सहा विषय सर्वांना समान असावेत. त्यांतला एकही विषय कोणाच्याही हातून सोळाव्या वर्षाच्या आत कायमचा सुटू नये. आणि सातवा विषय वाढवायचा असेल, तर आधी त्या विषयाचा शिक्षक शाळेत आला पाहिजे.

१

ही सहा विषयांची यादी आली कुठून? मुदलियार आयोगाने (१९५२-५३) माध्यमिक शाळेतच मुलांच्या वाटा वेगळ्या करण्याची शिफारस केली होती. बहुउद्देशीय शाळा काढाव्यात आणि त्यांत मानव्यविद्या, विज्ञान, तांत्रिक, वाणिज्य, शेती, ललितकला आणि गृहविज्ञान असे सात गट असावेत, अशी ती योजना होती. योजना कागदावर उदार दिसते. ज्याची जशी आवड तसा त्याचा गट. पण गावातल्या मुलाची आवड कोण ठरवते? त्याच्या बापाचे काम ठरवते, गुरुजींची नजर ठरवते आणि मुलगी असेल तर तिचे लग्न ठरवते. तेराव्या-चौदाव्या वर्षी कोणाचा मुलगा शेती गटात जाईल आणि कोणाचा विज्ञान गटात, हे सांगायला ज्योतिषी लागत नाही.

कोठारी आयोगाने (१९६४-६६) ही वाट सोडली. शाळेची पहिली दहा वर्षे सर्वांना सामान्य शिक्षण मिळावे आणि त्यात गणित व विज्ञान सर्वांना सक्तीचे असावे, असे या आयोगाने सुचवले. महाराष्ट्रात १९६५ च्या कायद्याने परीक्षा मंडळ उभे राहिले आणि १९७५ साली दहावीची पहिली एस. एस. सी. परीक्षा झाली. तिच्यातून पुढे आज दिसते ती चौकट स्थिरावली: तीन भाषा, गणित, विज्ञान व तंत्रज्ञान आणि सामाजिक शास्त्रे, असे सहाशे गुण. पर्याय काय ते भाषांपुरते.

कोठारी आयोगाच्या डोळ्यांपुढे जातिअंत होता, असा माझा दावा नाही. त्यांच्यापुढे राष्ट्रीय विकास होता, शेती आणि कारखानदारी होती. पण हेतू आणि परिणाम नेहमी एकच नसतात. या निर्णयाचा परिणाम असा झाला की, पुण्याच्या प्राध्यापकाच्या मुलाला आणि आर्वीच्या हमालाच्या मुलीला एकाच दिवशी, एकाच वेळी, भूमितीचा एकच प्रश्न विचारला जाऊ लागला. उत्तर लिहिण्याची साधने समान नव्हती, हे खरेच. पण प्रश्न समान होता. ज्या समाजात शतकानुशतके प्रश्नच समान नव्हता, काहींना प्रश्न विचारण्याचीही लायकी नाही असे धर्मशास्त्र सांगत होते, त्या समाजात ही गोष्ट लहान नाही. दहावीची सक्तीची यादी हा अपुरा, सदोष, तरीही समतेचा एक दस्तऐवज आहे, असे मला वाटते. तिच्यावरचा प्रत्येक हल्ला आपण या दृष्टीने तपासला पाहिजे.

२

विषयांचा प्रश्न आपल्या परंपरेत कसा मांडला गेला हे पाहिले, तर 'किती' हा शब्द तिथे फारसा आढळत नाही. 'कोणता' आणि 'कोणाला' हे शब्द आढळतात.

महात्मा फुले यांनी १८८२ साली हंटर आयोगापुढे निवेदन दिले. प्राथमिक शाळांतून काय शिकवावे हे त्यांनी तपशिलाने सांगितले: मोडी आणि बालबोध यांचे वाचन-लेखन, हिशेब, सामान्य इतिहास, भूगोल आणि व्याकरण यांची मूलतत्त्वे, शेतीचे प्राथमिक ज्ञान, शिवाय नीती आणि आरोग्याचे धडे. मोजले तर सहा-सात विषय सहज होतात. शेतकऱ्यांच्या आणि शूद्रातिशूद्रांच्या मुलांसाठी हा माणूस मागतो आहे आणि यादी आखडून मागत नाही. त्यात शेती आहे, पण ती इतिहास-भूगोलाच्या रांगेत बसलेली आहे. शेतकऱ्याच्या मुलाला शेतीच शिकवा म्हणजे झाले, असे जोतीराव म्हणत नाहीत. आज व्यवसाय शिक्षणाच्या नावाने जे बोलले जाते त्यांनी ही यादी एकदा डोळ्यांखालून घालावी.

बाबासाहेबांचे उदाहरण आपणा सर्वांना पाठ आहे. पण ते आपण अन्यायाची कथा म्हणून सांगतो, अभ्यासक्रमाची कथा म्हणून सांगत नाही. एल्फिन्स्टन हायस्कूलमध्ये त्यांना संस्कृत घ्यायचे होते. ते मिळाले नाही. पर्शियन घ्यावे लागले. १९०७ साली ते मॅट्रिक झाले तेव्हा त्यांना ७५० पैकी २८२ गुण होते. आजच्या हिशेबाने चाळीस टक्क्यांच्या आतले. या गुणपत्रिकेवर कोणी 'हा विद्यार्थी अमुक विषयांस अपात्र' असा शेरा मारला असता, तर काय झाले असते? तिथे विषय नाकारला गेला, पण पुढची वाट त्या कागदाने बंद केली नाही. पुढे त्यांनी संस्कृत स्वतः शिकून घेतले. मला या उदाहरणातून दोन गोष्टी दिसतात. विषय नाकारणे हे जातीचे जुने हत्यार आहे. आणि सोळा-सतरा वर्षांच्या मुलाचे गुण हे त्याच्या भविष्याचे भाकीत नव्हे.

आमच्या विदर्भातलेच दुसरे उदाहरण कुमुद पावडे यांचे. त्यांचे 'अंतःस्फोट' १९८१ साली आले. एका दलित मुलीने शाळेत संस्कृत घेतले, एका ब्राह्मण गुरुजींनी ते मनापासून शिकवले, तिने त्याच विषयात एम. ए. केले, आणि मग ती नोकरीसाठी दारोदार फिरली. सोमकुवर या आडनावाला जे मिळाले नाही ते लग्नानंतर पावडे या आडनावाला मिळाले, हे त्यांनी स्वतःच नोंदवले आहे. आपल्या समीक्षेने या आत्मकथनातील वेदनेची आणि विद्रोहाची पुष्कळ चर्चा केली. पण त्यात एक शैक्षणिक सत्यही आहे: शाळेत तो विषय उपलब्ध होता आणि तो शिकवणारा होता, म्हणून पुढचा सगळा संघर्ष शक्य झाला. विषयच नसता तर अन्याय झाल्याचेही कोणाला कळले नसते. जो विषय शाळेतच भेटला नाही, त्याला मुकल्याची वेदना होत नाही. व्यवस्थेला सर्वांत सोयीची वंचना ती हीच.

३

आता गेल्या काही वर्षांत या यादीचे काय झाले ते पाहू.

पहिला बदल मोजणीचा. अकरावीच्या प्रवेशात एस. एस. सी. ची मुले इतर मंडळांच्या मुलांपुढे मागे पडतात, अशी मुंबईत तक्रार होती. शासनाने २००८ साली पर्सेंटाइलचे सूत्र आणले आणि २००९ साली एस. एस. सी. च्या मुलांना नव्वद टक्के जागा राखण्याचे. दोन्ही उच्च न्यायालयात टिकली नाहीत. मग २०१० साली 'बेस्ट फाइव्ह' आले. परीक्षा सहा विषयांची, उत्तीर्णही सहाही विषयांत व्हायचे, पण टक्केवारी उत्तम पाच विषयांची. उच्च न्यायालयाने जूनमध्ये ते रद्द केले आणि त्याच वर्षी सर्वोच्च न्यायालयाने ते मान्य केले. मुंबईतल्या काही महाविद्यालयांच्या जागांचे भांडण साऱ्या महाराष्ट्राचा नियम होऊन बसले.

'बेस्ट फाइव्ह'ने आपल्या मुलांचे नुकसान केले, असे मी म्हणणार नाही. गणितात किंवा इंग्रजीत कसेबसे निभावलेल्या पोराची टक्केवारी त्यामुळे सुधारली. पण लाभाचे वाटप पाहा. ज्या शाळेत संस्कृतचा शिक्षक आहे तिथली मुले तिसरी भाषा म्हणून पूर्ण संस्कृत घेतात, कारण त्यात गुण पैकीच्या पैकी पडतात. त्यावर शास्त्रीय नृत्य-गायन, लोककला, चित्रकलेच्या ग्रेड परीक्षा यांचे वाढीव गुण. २०२५ च्या निकालात २११ मुलांना शंभर टक्के मिळाले, ते अशाच बेरजांतून. लोककलेचे नाव या यादीत आहे, हे वाचून बरे वाटते. पण ज्यांच्या बापजाद्यांनी ती लोककला पोटासाठी जगवली त्यांच्या मुलांना तिचे प्रमाणपत्र कोण देणार? कला घरात आहे, शिक्का शहरात आहे.

आणि पाली? मंडळाच्या भाषांच्या यादीत पाली आहे. २०२४ च्या ऑक्टोबरात केंद्र सरकारने मराठी आणि प्राकृताबरोबर पालीलाही अभिजात भाषेचा दर्जा दिला, तेव्हा आपल्याकडे पेढे वाटले गेले. पण आपल्या तालुक्यातल्या किती शाळांत मुलाला पाली घेता येते, हे प्रत्येक कार्यकर्त्याने जाऊन विचारावे. यादीतला विषय आणि वर्गातला विषय यांत जे अंतर आहे, त्या अंतरात आपली मुले उभी आहेत.

दुसरा बदल २०१९ चा. त्या वर्षी भाषा आणि सामाजिक शास्त्रे यांचे वीस-वीस अंतर्गत गुण काढून घेतले आणि पूर्ण लेखी परीक्षा घेतली. आदल्या वर्षी ८९.४१ टक्के असलेला राज्याचा निकाल ७७.१० टक्क्यांवर आला. सर्वांत खाली होता आमचा नागपूर विभाग, ६७.२७ टक्के. ओरड झाली आणि गुण परत आले. पुढच्याच वर्षी निकाल ९५.३० टक्के लागला. या आकड्यांतून मी काय वाचतो? एका वर्षात मुले मंद झाली नव्हती आणि पुढच्या वर्षी ती हुशारही झाली नाहीत. गुणांचा टेकू काढला तेव्हा भिंत किती पोकळ आहे ते दिसले. टेकू परत लावला; भिंत कोणी बांधली नाही.

४

तिसरा बदल सर्वांत गंभीर आहे आणि त्यासाठीच हा लेख लिहिणे मला भाग पडले. २०२३ च्या राष्ट्रीय अभ्यासक्रम आराखड्याने नववी-दहावीसाठी दहा विषय सांगितले: तीन भाषा, गणित, विज्ञान, सामाजिक शास्त्रे, कला, शारीरिक शिक्षण, व्यवसाय शिक्षण आणि आंतरविद्याशाखीय विषय. त्याच्या आधारे राज्याने २०२४ साली आपला आराखडा केला आणि त्यात एक तरतूद आली. गणित आणि विज्ञान यांत पस्तिसापेक्षा कमी पण विसापेक्षा अधिक गुण मिळवणाऱ्या मुलाला पुढे जाता येईल. मात्र या मुलाला पुढे गणित किंवा विज्ञान यांवर आधारलेले अभ्यासक्रम घेता येणार नाहीत, अशा आशयाचा शेरा त्याच्या गुणपत्रिकेवर पडेल. नको असेल त्याने पुन्हा परीक्षेला बसावे. नव्या अभ्यासक्रमाबरोबर हे लागू व्हायचे, असे तेव्हा सांगण्यात आले.

म्हणजे एका हाताने विषय दहा केले आणि दुसऱ्या हाताने दोन विषय काढून घेण्याची सोय केली. काढून घेतले ते कोणते? ज्यांच्यामुळे डॉक्टर, इंजिनिअर, परिचारिका, तंत्रज्ञ होता येते ते. दिले ते कोणते? ज्यांचा शिक्षक बहुतेक शाळांत नाही ते.

सवलत देण्याला माझा विरोध नाही. मंडळाच्या नियमात एक सवलत आधीपासून आहे: गणित आणि विज्ञान मिळून सत्तर गुण आणि प्रत्येकात किमान पंचवीस, एवढे झाले की मूल उत्तीर्ण. गणितात सव्वीस मिळालेले पोर विज्ञानाच्या जोरावर पार होते आणि गुणपत्रिकेवर कसलाही शेरा पडत नाही. ही सवलत दार उघडते. नवी सवलत दार उघडते आणि कपाळावर शिक्का मारते. आपल्या लोकांना शिक्क्याचा अर्थ कोणी समजावून सांगण्याची गरज नाही.

यापूर्वी २०१६ च्या सुमारास गुणपत्रिकेवरचा 'नापास' हा शब्द काढून त्याजागी 'कौशल्य विकासास पात्र' अशा अर्थाचे शब्द आले होते. शब्द गोड आहेत. पण त्यांतून असे ध्वनित होते की, ज्याला बुद्धीचे काम जमले नाही त्याने हाताचे करावे. हात आणि डोके यांची ही फाळणी या देशात नवी नाही. तिचेच नाव वर्णव्यवस्था. शिवाय ती वस्तुस्थितीलाही धरून नाही. आयटीआयमध्ये इलेक्ट्रिशियन व्हायचे तर दहावीला गणित-विज्ञान लागते. पॉलिटेक्निकला लागतेच लागते. म्हणजे 'गणित-विज्ञानास अपात्र' असा शेरा घेतलेल्या मुलाला चांगले कौशल्यही मिळणार नाही. मग उरते काय? कापसाच्या मोसमात जिनिंगवर गाठी उचलणे.

हा विचार आमच्या जिल्ह्याला अपरिचित नाही. १९३७ च्या ऑक्टोबरात वर्ध्यालाच शिक्षण परिषद भरली, झाकिर हुसेन समिती नेमली गेली आणि हस्तोद्योगाभोवती उभारलेली सात वर्षांच्या शिक्षणाची योजना देशापुढे आली. त्या योजनेत पोथीनिष्ठ शिक्षणाविरुद्धचे बंड होते आणि श्रमाला प्रतिष्ठा देण्याची तळमळ होती, हे मान्य केले पाहिजे. पण श्रमाची प्रतिष्ठा ज्याने कधी श्रम केले नाहीत त्याला शिकवायची असते. ज्याचे बालपणच कापूस वेचण्यात गेले तो शाळेत अक्षरासाठी येतो. मद्रासमध्ये १९५३ साली राजगोपालाचारींनी अर्धा वेळ शाळा आणि अर्धा वेळ बापाचा धंदा, अशी योजना आणली. पेरियार आणि त्यांच्या अनुयायांनी तिला कुलशिक्षण म्हणून उघडे पाडले आणि १९५४ साली कामराज यांनी ती मागे घेतली. तिथे ती उघडपणे आली म्हणून ओळखता आली. आज ती शेऱ्याच्या रूपाने, सवलतीचा सदरा घालून येते आहे.

५

येथे मला स्वतःविषयी दोन शब्द लिहिले पाहिजेत, कारण या प्रश्नात मी तटस्थ नाही. मी दहावीला गणितात पडलो. शाळेत वर्षभर गणिताला कायमचा शिक्षक नव्हता. जे शिक्षक मोकळे असत ते वर्गावर येत आणि फळ्यावर उदाहरण उतरवून उत्तर वाचून दाखवत. घरी विचारावे तर माझ्या आधी घरात कोणी दहावीच्या उंबरठ्याला लागलेले नव्हते. त्या जूनमध्ये मला कोणी म्हटले असते की, बाबा, वीस गुण आहेत ना, मग जा पुढे, फक्त या कागदावर सही कर, तर मी ती आनंदाने केली असती. बापाने अंगठा दिला असता. शेऱ्याचा अर्थ आम्हा दोघांनाही कळला नसता. ती सवलत नव्हती म्हणून मी ऑक्टोबरला पुन्हा बसलो. आज मी अर्थशास्त्र शिकवतो आणि वर्गात सांख्यिकीचे कोष्टक मांडताना मला अजून त्या ऑक्टोबरची आठवण येते.

पण माझ्या बाजूने पुरावा देऊन थांबणे अप्रामाणिकपणाचे होईल. माझ्याबरोबर पडलेला माझा एक मित्र ऑक्टोबरला बसलाच नाही. त्याला बाकीच्या विषयांत सूट होती. एकच पेपर द्यायचा होता. पण त्या पाच महिन्यांत तो जिनिंगवर लागला, हातात रोजी येऊ लागली आणि शाळेसमोरून जाताना तो रस्ता बदलू लागला. त्याला वीस गुणांची सवलत मिळाली असती तर तो निदान बारावी झाला असता. हे मला नाकारता येत नाही. मुलींच्या बाबतीत तर गणिताच्या एका पेपरामागे लग्न उभे असते. सवलतीच्या बाजूने बोलणारे या मुलांकडे बोट दाखवतात तेव्हा त्यांना उत्तर दिले पाहिजे.

बिहारमध्ये १९६७ साली कर्पुरी ठाकूर शिक्षणमंत्री असताना मॅट्रिकला इंग्रजीत उत्तीर्ण होण्याची सक्ती काढली गेली. ठाकूर स्वतः नाई समाजातले. खेड्यांतली, मागास जातींची पुष्कळ मुले त्यामुळे मॅट्रिकच्या पार झाली. उच्चवर्णीयांनी त्यांची 'कर्पुरी डिव्हिजन' म्हणून टवाळी केली. त्या टवाळीत जातीचा मत्सर होता आणि मी ठाकुरांच्या बाजूला उभा आहे. तरीही एक गोष्ट सुटत नाही. मॅट्रिकमधून इंग्रजीची सक्ती गेली. नोकरीतून, न्यायालयातून, विद्यापीठातून इंग्रजी गेली नाही. खालचे दार उघडले आणि वरचे तसेच राहिले. ठाकुरांच्या निर्णयात मुलावर कायमचा शिक्का नव्हता, ही त्यातली मोठी गोष्ट. महाराष्ट्राच्या तरतुदीत तो आहे.

वरचे दार कसे असते हे माझ्या वर्गात रोज दिसते. बी. ए. ला असलेली एक मुलगी पोलीस भरतीची तयारी करते. पहाटे मैदानावर धावते, दुपारी वर्गात बसते आणि तास संपला की शेकडेवारीचे, काळ-काम-वेगाचे उदाहरण घेऊन माझ्याकडे येते. दहावीला तिला गणितात सव्वीस होते. एकदा ती म्हणाली, "सर, मले वाटलं का माया मागचं गणित सुटलं. थे त भरतीतबी उभंच हाय." भरतीच्या लेखी परीक्षेत अंकगणित आहे, बुद्धिमत्ता चाचणी आहे. तलाठ्याच्या, बँकेच्या, लोकसेवा आयोगाच्या परीक्षेतही त्यांची रूपे आहेत. शाळेतून गणित काढता येते. रोजगाराच्या दारातून ते कोणी काढत नाही. फरक इतकाच की, शाळेत ते शिकवण्याची जबाबदारी शासनाची होती आणि भरतीच्या दारात ती क्लासच्या फीची होते.

तेव्हा माझ्या मित्राला काय हवे होते? गणितातून सुटका नको होती. त्याला गणिताचा शिक्षक हवा होता, ऑक्टोबरपर्यंत कोणीतरी रोज तासभर शिकवणारे हवे होते, फी माफ हवी होती आणि पडल्यावरही शाळेचे दार आपले आहे असे वाटायला हवे होते.

६

यातून काही मागण्या निघतात. आपल्या शिबिरांतून, शिक्षक संघटनांतून, विद्यार्थ्यांच्या मोर्चांतून त्या पुढे याव्यात असे मला वाटते.

पहिली मागणी, गणित-विज्ञानाविषयीचा शेरा कोणत्याही रूपात नको. सवलत द्यायची तर ती एकत्रित उत्तीर्णतेसारखी, कपाळ कोरे ठेवणारी असावी. काही मुलांना वाचन-गणनाची खरीखुरी अक्षमता असते. त्यांचा प्रश्न वेगळा आहे आणि २०१७ साली मुंबई उच्च न्यायालयाने गणित ऐच्छिक करता येईल का, अशी विचारणा केली ती अशाच मुलांच्या याचिकेत. त्यांना तपासणीनंतर हवी ती सूट मिळालीच पाहिजे. पण ज्याला शिकवलेच गेले नाही त्याला अक्षम ठरवणे हा गुन्हा आहे.

दुसरी, २०१५ पासून निकालानंतर लगेच जुलैत फेरपरीक्षा घेण्याची पद्धत आली, ती चांगलीच आहे. पण निकाल आणि फेरपरीक्षा यांच्यामधल्या आठवड्यांत मुलाला शिकवतो कोण? त्या आठवड्यांचे वर्ग शासनाने शाळेतच चालवावेत आणि फेरपरीक्षेची फी घेऊ नये. तोवर आपल्या विहारांतून, समाजमंदिरांतून हे वर्ग आपण चालवू शकतो. आर्वीत बी. एस्सी. झालेली, कामाच्या शोधात असलेली मुले आहेत. जयंतीच्या वर्गणीतला एक हिस्सा त्यांच्या मानधनासाठी बाजूला काढणे अवघड नाही.

तिसरी, आधी शिक्षक आणि मग विषय. २०२४ च्या संचमान्यतेच्या निकषांविरुद्ध शिक्षक संघटना रस्त्यावर आल्या, कारण पट कमी तर शिक्षक कमी हे त्यातले सूत्र होते. पट कमी कुठे असतो? खेड्यांत, तांड्यांवर, आदिवासी वस्त्यांत. तिथल्या शाळेतून शिक्षक काढायचा आणि त्याच शाळेच्या वेळापत्रकात चार नवे विषय घालायचे, ही शुद्ध फसवणूक आहे. कला, खेळ आणि हस्तकौशल्य मुलांना हवेच. पण ते शिकवा आणि परीक्षेच्या बाहेर ठेवा.

चौथी, भाषांचा पर्याय खरा असावा. पाली यादीत आहे तर पालीचा शिक्षकही नगरपरिषदेच्या आणि जिल्हा परिषदेच्या शाळेत हवा.

दहावीला किती विषय असावेत, असे आता मला कोणी विचारले तर मी उलट विचारतो: तुमच्या मुलाला किती आहेत? ज्यांची मुले उत्तम शाळांत सहा विषय शिकतात आणि सातवा छंद म्हणून जोपासतात, त्यांनी आमच्या मुलांसाठी चार पुरेत असे ठरवू नये. आणि आपल्यापैकी ज्यांना सवलत मोहवते त्यांनी एवढे ध्यानात घ्यावे की, आपल्या आजोबांच्या वाट्याला शून्य विषय होते आणि तेही त्यांच्या सोयीसाठीच आहे, असे त्यांना सांगितले जात होते. येत्या निकालाच्या दिवशी आपापल्या वस्तीतल्या पडलेल्या मुलांची यादी करा. ती मुले कामावर लागण्याच्या आत त्यांच्या घरी जा आणि पुढच्या परीक्षेचा अर्ज बरोबर न्या.